अरोवानाचं पिल्लू घरी आणताय? खाणं, पाणी आणि पहिलं वर्ष

अरोवाना घ्यायचा विचार चालू असेल तर सगळ्यात आधी हे बघा की बोटाएवढं दिसणारं पिल्लू वर्षभरात दीड-दोन फुटाचं होतं आणि नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं तुमच्याकडे राहतं, काही जाती तर वीस वर्षांच्या पुढे जातात. म्हणजे हा मासा घेणं हा मोठा निर्णय आहे. आणि त्यातही पहिलं वर्ष सगळ्यात महत्त्वाचं, कारण ह्या वयात त्याला जे खायची सवय लागते, जेवढी जागा मिळते, जसं पाणी मिळतं त्यावरच पुढे त्याचा आकार, डोळे, कल्ले, स्वभाव सगळं ठरतं. मोठा झाल्यावर ह्यातलं बरंचसं सुधारता येत नाही. म्हणून नवीन लोकांसाठी सुरुवातीपासून पायरी पायरीने लिहितोय, थोडं लांबेल पण वाचा.

पायरी १ : कुठला अरोवाना आणि केवढा

दुकानात सगळ्यात जास्त दिसतो तो सिल्व्हर अरोवाना. हा ॲमेझॉन खोऱ्यातला, मोठा झाला की तीन फुटापर्यंत जातो. ब्लॅक अरोवाना पण तिकडचाच, रिओ नेग्रो नदीचा, लहानपणी काळा आणि अंगावर पिवळसर पट्टा, मोठेपणी मात्र राखाडी-चंदेरी होतो, त्यामुळे काळा रंग बघून घेणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्या. जार्डिनी हा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातला आणि न्यू गिनीचा, दिसायला फार देखणा पण स्वभावाने तापट, दुसऱ्या माशांना टिकू देत नाही. आणि रेड, गोल्डन वगैरे म्हणतात तो एशियन अरोवाना. हा जंगलात धोक्यात आलेला मासा आहे आणि साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून नोंदणी असलेल्या फार्मवर पैदास झालेला, मायक्रोचिप आणि सर्टिफिकेट असलेलाच घ्यायचा आणि आपल्याकडे तो पाळायला काय कायदा आहे ते घ्यायच्या आधी बघायचं. नवीन माणसाने सिल्व्हरपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता साईज. सिल्व्हर, एशियन अशा अरोवानांमध्ये नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, साधारण दोन महिने. तिथून काढलेली अगदी छोटी पिल्लं, पोटाला पिवळी-केशरी पिशवी लटकलेली, अशी पण विकायला येतात. ती पिशवी म्हणजे त्यांचा डबाच, अंड्यातला बलक, ती संपेपर्यंत पिल्लू बाहेरचं काही खात नाही आणि बहुतेक वेळ तळाशीच पडून असतं. ही पिल्लं स्वस्त मिळतात म्हणून लोक घेतात, पण पिशवी फुटली किंवा पाणी जरा खराब झालं तरी जातात. पहिल्यांदा घेत असाल तर १० ते १५ सेंमीचं, पिशवी पूर्ण जिरलेलं आणि स्वतः खायला लागलेलं पिल्लूच घ्या.

दुकानदाराला सांगा की माझ्यासमोर खायला घाल. जे पिल्लू वर येऊन झडप घालतं ते चांगलं. दोन्ही कल्ल्यांची झाकणं अंगाला नीट चिकटलेली आहेत ना, कडा बाहेर वळलेली नाही ना, दोन्ही डोळे समोर-वर बघतायत ना, पाठ सरळ आहे ना, दोन्ही मिशा शाबूत आहेत ना हे सगळं बघा. मिशी तुटलेली असेल तर बहुतेक वेळा परत येते, त्याचं फार टेन्शन नाही, पण वाकडी पाठ सरळ होत नाही. आणि सध्या काय खातं ते विचारून घ्या, घरी पहिले काही दिवस तेच द्यायचंय.

पायरी २ : पिल्लू यायच्या आधी टँक तयार पाहिजे

बऱ्याच जणांचं इथेच चुकतं, टँक आणि मासा एकाच दिवशी घरी येतो. नवीन टँकमध्ये माशाच्या शीपासून आणि उरलेल्या खाण्यापासून अमोनिया तयार होतो, तो खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी एक प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी आहेत, नायट्रेट त्यामानाने सौम्य आणि ते पाणी बदलून काढता येतं. ह्यालाच टँक सायकल करणं म्हणतात. रिकाम्या टँकमध्ये फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर माशाचं खाणं टाकत राहा आणि टेस्ट किटने बघत राहा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला लागले आणि नायट्रेट दिसायला लागलं की टँक तयार. ओळखीच्या कोणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला थोडा स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये घाला, काम खूप लवकर होतं.

साईज म्हणाल तर १०-१५ सेंमीच्या पिल्लाला चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक चालतो, त्यात साधारण अडीचशे लिटर पाणी बसतं. पण तो फक्त पहिल्या चार-सहा महिन्यांपुरता. सिल्व्हरचं पिल्लू चांगलं खात असेल तर महिन्याला पाच सेंमीच्या आसपास वाढतं, एक फुटाचं झालं की त्याला ती जागा कमी पडायला लागते. पुढे कमीत कमी सहा फूट बाय अडीच फूट आणि मोठेपणी जमलं तर आठ फूट बाय तीन फूट लागणार. इथे लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, मासा दोन-अडीच फुटाचा झाल्यावर त्याला वळता यायला पाहिजे, अरुंद टँकमध्ये सतत अंग मुडपून वळावं लागलं की पाठ बिघडते. "मासा टँकच्या साईजप्रमाणेच वाढतो" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तसं होत नाही, तो खुरटतो आणि आजारी पडतो. मोठ्या टँकची जागा आणि पैसे दोन्ही वर्षभरात होणार नसतील तर हा मासा सध्या घेऊ नका.

टँकच्या आत काय ठेवायचं, तर जवळजवळ काहीच नाही. अरोवाना वरच्या थरात पोहणारा मासा, त्याला मोकळं पाणी पाहिजे. धारदार दगड, टोकदार लाकूड, प्लॅस्टिकचे किल्ले हे सगळं नको, घाबरून धावला की खवले आणि डोळा ह्यांनाच लागतं. तळ रिकामा ठेवला तर उत्तम, साफ करायला सोपं. फार वाटलं तर बारीक वाळूचा पातळ थर द्या, मोठी खडी नको, खाण्याबरोबर तोंडात जाते. मागे गडद रंगाचा बॅकग्राउंड लावला की पिल्लू शांत राहतं.

फिल्टर असा की जो तासाला टँकमधलं सगळं पाणी चार-पाच वेळा फिरवेल, पण धार थेट पिल्लावर येऊ देऊ नका, भिंतीकडे वळवा. लहान पिल्लाला स्पंज फिल्टर फार चांगला. हीटर लिटरला एक वॅट ह्या हिशोबाने आणि त्यावर जाळीचं कव्हर पाहिजेच, नाहीतर मासा त्याला घासून भाजतो किंवा शेपटीच्या फटक्याने काच फोडतो.

पायरी ३ : झाकण

ह्याला वेगळी पायरी दिलीये कारण पाळलेले अरोवाना मरायचं एक मोठं कारण उघडं झाकण हेच आहे. निसर्गात हा मासा पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचे किडे पकडतो, मोठा सिल्व्हर पाण्याच्या वर पाच-सहा फूट जाऊ शकतो. पिल्लू पण पहिल्या दिवसापासून उडी मारतं. झाकण पूर्ण पाहिजे आणि जड पाहिजे, वर वजन किंवा क्लिप लावा, फिल्टरच्या पाईपसाठी कोपऱ्यात ठेवलेली फट स्पंजने बुजवा, छोटं पिल्लू त्या फटीतून सुद्धा बाहेर येतं. पाणी अगदी काठोकाठ भरू नका, वर चार-पाच इंच जागा सोडा म्हणजे उडी मारली तरी जबडा झाकणावर जोरात आपटणार नाही. खाणं घालून झालं की झाकण लगेच लावायचं, फोन आला, बेल वाजली, काहीही झालं तरी आधी झाकण.

पायरी ४ : घरी आणलं त्या दिवशी

टँकची लाईट बंद ठेवा. पिशवी तशीच बंद १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा म्हणजे तापमान सारखं होईल. मग पिशवी उघडून अर्धा-पाऊण तास थोडं थोडं टँकचं पाणी आत घालत राहा. शेवटी पिल्लू हळूच टँकमध्ये सोडा, पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये ओतू नका. पहिले २४ तास खायला काही घालायचं नाही, लाईट लावायची नाही, काचेवर टकटक करायची नाही, पाहुण्यांना बोलवायचं नाही. पिल्लू कोपऱ्यात गप्प पडलंय, रंग फिका पडलाय असं दिसेल, एक-दोन दिवसात सेट होतं.

पायरी ५ : खाणं

आता मुख्य विषय. अरोवानाचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो वरचं खाणारा मासा आहे, निसर्गात किडे, भुंगे, कोळी, छोटे मासे जे काही पाण्यावर पडतं किंवा वरच्या थरात फिरतं ते खातो. म्हणून खाणं शक्यतो तरंगणारं किंवा हळूहळू बुडणारं पाहिजे. तळाला गेलेलं खाणं बरेच अरोवाना उचलतच नाहीत आणि ते तिथेच सडतं.

साईजप्रमाणे साधारण असं चालतं. ८ सेंमीपेक्षा लहान पिल्लू असेल तर फ्रोझन ब्लडवर्म (लाल बारीक अळ्या), डासांच्या अळ्या, अगदी बारीक रातकिडे, घरच्या टँकमध्ये वाढवलेली गप्पीची पिल्लं, दिवसातून तीन-चार वेळा आणि दर वेळी थोडं थोडं. ८ ते १५ सेंमीला तीन वेळा, त्यात छोटे रातकिडे, मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या), सोललेल्या कोळंबीचे बारीक तुकडे, छोटे तरंगणारे पेलेट (माशांच्या तयार खाण्याच्या गोळ्या). १५ सेंमी ते एक फूट ह्या काळात दोन वेळा पुरे, आता मोठे रातकिडे, नाकतोडे, सुपरवर्म (मीलवर्मसारख्याच पण मोठ्या अळ्या), कोळंबी, माशाच्या बिनकाट्याच्या मांसाच्या पट्ट्या, मोठे पेलेट सगळं चालतं. एक फुटाच्या पुढे दिवसातून एकदा आणि आठवड्यातून एक दिवस उपास. हा उपास लहान पिल्लाला करायचा नाही, त्याला वाढायला सतत खाणं लागतं.

किती घालायचं हा प्रश्न सगळे विचारतात. मोजून सांगता येत नाही, दोन-तीन मिनिटात जेवढं संपवेल तेवढं, आणि पोट किंचित गोल दिसलं की थांबायचं. पोट फुगून टम्म झालं म्हणजे जास्त झालं. पिल्लू अजून मागतंय, काचेजवळ येऊन बघतंय म्हणून घालत बसू नका, ते नेहमीच मागणार. दहा मिनिटांनी जे उरलेलं दिसेल ते छोट्या जाळीने किंवा पाईपने काढून टाका. जास्त घातलेलं खाणं पिल्लाच्या पोटापेक्षा पाण्याला आधी बाधतं, रात्री घातलेला कोळंबीचा एक मोठा तुकडा सकाळपर्यंत तळाशी सडत राहिला तर छोट्या टँकमध्ये अमोनिया चढायला तेवढं पुरतं.

आता एकेक वस्तू. रातकिडे आणि नाकतोडे देताना मागचे काटेरी पाय काढून टाका, घशात लागतात. किडे विकत आणले की एक दिवस त्यांना गाजर, पालेभाजी, माशाचे पेलेट असं चांगलं खाऊ घाला आणि मग माशाला द्या, किड्याच्या पोटात जे आहे ते माशाला मिळतं, उपाशी किड्यात पोषण फार नसतं. बागेतले, शेतातले, लाईटखाली जमलेले किडे पकडून देऊ नका, त्यांच्यावर कीटकनाशक बसलेलं असू शकतं आणि घरातलं झुरळ तर अजिबात नको. मीलवर्मची कात कडक असते, पिल्लाला नुकतीच कात टाकलेले पांढरे मऊ वर्म निवडून द्या, सहज पचतात. सुपरवर्मचा जबडा मजबूत असतो, लहान माशाला देताना त्याचं डोकं चिमटीने दाबून मगच द्या.

कोळंबी कच्ची, बिनमिठाची, ताजी आणून धुवून एक आठवडा डीप फ्रीझरमध्ये ठेवा, परजीवी बरेचसे मरतात. मग लागेल तेवढी बाहेर काढून पूर्ण वितळू द्या आणि मगच घाला, गोठलेला तुकडा द्यायचा नाही. पिल्लाला कवच काढून द्या, मोठा झाला की कवचासकट दिली तरी चालते, त्या कवचात ॲस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं ते रंगाला चांगलं, फक्त डोक्यावरचा करवतीसारखा काटा आणि शेपटीचं टोक काढा.

फीडर फिश म्हणजे जिवंत गोल्डफिश वगैरे घालण्याबद्दल. बघायला थरार वाटतो हे खरं पण मी ह्याच्या पूर्ण विरोधात आहे. एक तर हे मासे गर्दीच्या, खराब पाण्यात ठेवलेले असतात, त्यांच्याबरोबर अँकर वर्म, माशांच्या उवा, पांढरे ठिपके असे आजार थेट आपल्या टँकमध्ये येतात. दुसरं म्हणजे गोल्डफिश आणि त्याच्या जातभाईंमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी वन नष्ट करतं, सतत तेच खाणाऱ्या माशाला त्या व्हिटॅमिनची कमतरता होते आणि त्याचा परिणाम नसांवर होतो. तिसरं, पिल्लाला एकदा जिवंत माशाची सवय लागली की ते बाकी काही तोंडात घेत नाही. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) पण नको, ते घाण पाण्यातच वाढतात. आणि बीफ हार्ट, चिकन असलं मांस रोजचं खाणं म्हणून देऊ नका, जनावरांची, पक्ष्यांची चरबी माशाला नीट पचत नाही, ती आत साठत जाते.

सगळ्यात महत्त्वाचं काय तर बदल पाहिजे. सकाळी पेलेट, दुपारी किडे, संध्याकाळी कोळंबी, असं फिरवत राहा. एकाच वस्तूवर वाढलेला अरोवाना पुढे हट्टी होतो आणि ती वस्तू मिळाली नाही की उपाशी बसतो.

पायरी ६ : पेलेटची सवय

पेलेटवर आणायचंच आणि लहानपणीच आणायचं, दोन फुटाचा झाल्यावर त्याला शिकवताना तुमचाच धीर सुटेल. चांगल्या पेलेटमध्ये व्हिटॅमिन संतुलित असतात, त्यातून आजार येत नाहीत, साठवायला सोपे आणि आपण घरी नसलो तर दुसरा कोणीही घालू शकतो.

सकाळी पिल्लू सगळ्यात भुकेलेलं असतं, तेव्हा पहिल्यांदा पेलेट टाका, बाकी काही नाही. पहिल्यांदा तोंडात घेऊन थुंकून टाकेल, तसं बऱ्याच पिल्लांचं होतं. पेलेट कोळंबीच्या पाण्यात मिनिटभर भिजवून बघा, किंवा कोळंबीच्या तुकड्यात छोटा पेलेट खुपसून द्या, किंवा आधी एक वळवळणारा मीलवर्म टाका आणि तो झडप घालून परत वळतो त्याच क्षणी त्याच जागी पेलेट टाका, घाईत तो पण गिळतो. हे रोज करत राहिलं की काही आठवड्यात जमतं. १२-१५ सेंमीच्या वर असलेल्या निरोगी पिल्लाला एक-दोन दिवस बाकीचं खाणं बंद ठेवून फक्त पेलेट दाखवला तरी चालतं, त्याहून लहान पिल्लाला मात्र उपाशी ठेवून शिकवू नका, ते अशक्त होतं.

आणि खाणं नेहमी टँकच्या एकाच बाजूला, ठरलेल्या वेळी घाला. पिल्लू वेळ ओळखायला लागतं, तिथे येऊन थांबतं, आणि तुम्हाला रोज जवळून बघायला मिळतं की भूक कशी आहे, डोळे कसे आहेत. हाताने भरवायचं असेल तर बोटाऐवजी लांब चिमटा वापरा.

पायरी ७ : पाणी

तापमान २६ ते ३० अंशाच्या मध्ये, पिल्लाला २८ सगळ्यात बरं. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा) साधारण ६ ते साडेसात, पण आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं, औषधं टाकून पीएच वर-खाली करत बसू नका. अमोनिया आणि नायट्राइट शून्य म्हणजे शून्यच. नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला २० मिलिग्रॅम) आत राहिलं तर उत्तम, ४० च्या वर जाऊ देऊ नका. एक लक्षात घ्या, पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया अधिक विषारी होतो, म्हणून अरोवानाच्या कोमट टँकमध्ये थोडा अमोनिया पण चालवून घ्यायचा नाही.

दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला. पिल्लं खातात जास्त, घाण जास्त करतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा २० टक्के केलं तर अजून छान. नवीन पाणी अँटीक्लोरिन (पाण्यातलं क्लोरिन घालवणारं औषध) टाकूनच वापरायचं आणि त्याचं तापमान टँकच्या पाण्याएवढं असायला पाहिजे, थंड पाणी थेट ओतलं की पिल्लाला धक्का बसतो आणि पांढरे ठिपके यायला तेवढं निमित्त पुरतं. सगळं पाणी एकदम बदलून टँक घासून पुसून चकचकीत करू नका, उपयोगी बॅक्टेरिया जातात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळून परत लावायचा.

पाण्याचा वरचा थर सतत हलता ठेवा, एअर पंप लावा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. लाईट जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवाच.

लाईट, आवाज आणि हात

अरोवाना दचकतो फार. अंधाऱ्या खोलीत एकदम टँकची लाईट लावली की तो उडी मारून झाकणावर आपटतो, जबडा फाटतो, खवले जातात. आधी खोलीची लाईट लावा, दहा-पंधरा मिनिटांनी टँकची. बंद करताना उलटं, आधी टँकची मग खोलीची. टायमर लावला तर हा प्रश्नच मिटतो, दिवसाला आठ-दहा तास पुरे.

पिल्लू दुसरीकडे हलवायचं झालं तर जाळीने पकडू नका. पाण्यातच मोठी प्लॅस्टिकची पिशवी किंवा टब बुडवा, हळूहळू आत वळवा आणि पाण्यासकट उचला. जाळीत तडफडला की मिशा, पंख तुटतात आणि पाठीला कायमची इजा होऊ शकते.

सोबतीला दुसरे मासे

पहिले काही महिने एकटाच ठेवा. नवीन लोकांना रिकामा टँक बघवत नाही हे मला माहितीये पण पिल्लाला निवांत खाऊ दे, वाढू दे. तोंडात मावेल असा कुठलाही मासा सोबत ठेवला तर तो खाल्ला जाणार. मासा फूटभराचा झाला की मग खालच्या आणि मधल्या थरात राहणारे, अंगाने मोठे, भांडकुदळ नसलेले मासे घालता येतात, सिल्व्हर डॉलर, बिचिर वगैरे. ऑस्करचं जमतं पण एखादा ऑस्कर फार मारामारी करतो, लक्ष ठेवावं लागतं. प्लेको (तळाशी राहून शेवाळ खाणारा मासा) काही वेळा रात्री अरोवानाच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर चाटतो, म्हणून मी तो टाळायला सांगतो. दोन अरोवाना एकत्र ठेवायचा विचार घरच्या टँकमध्ये करूच नका, पिल्लं असताना जमेल, मोठे झाले की एकमेकांना फाडतात.

तब्येत कशी ओळखायची

रोज खाणं घालताना अर्धा मिनिट नीट बघितलं तरी बरंच कळतं. पंख मिटून घेतलेत, डोकं खाली करून पोहतोय, कल्ले भराभर हलतायत, सतत वर येऊन तोंड उघडतोय, काचेला अंग घासतोय, ह्यातलं काहीही दिसलं तर औषधाची बाटली उघडायच्या आधी पाणी टेस्ट करा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं आणि पाणी बदलल्यावर मासा ताळ्यावर येतो.

मिठाचे कण पसरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा आजार. तापमान दिवसाला एक-दोन अंश करत ३० पर्यंत न्या, बिनआयोडीनचं ॲक्वेरियमचं मीठ लिटरला १ ते २ ग्रॅम ह्या प्रमाणात आधी बादलीत विरघळवून दोन-तीन वेळात विभागून घाला, हवा वाढवा, आणि शेवटचा ठिपका गेल्यावर पण काही दिवस तसंच चालू ठेवा. अरोवाना औषधांच्या बाबतीत नाजूक असतो, तांबं असलेली किंवा कडक औषधं स्वतःच्या मनाने, पूर्ण डोसने टाकू नका, माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारा.

डोळ्यावर पांढुरकी साय आली तर बहुतेक खराब पाणी किंवा आपटल्यामुळे, स्वच्छ पाणी आणि थोडं मीठ ह्याने सुरुवातीला बरं होतं.

कल्ल्याची कड बाहेर वळायला लागली तर लगेच हालचाल करा. लहान टँक, साचलेलं नायट्रेट, कमी ऑक्सिजन हे त्याचे नेहमीचे साथीदार. सुरुवातीला असेल तर मोठा टँक, जास्त पाणी बदल आणि थोडा जोराचा प्रवाह दिला की परत बसू शकतं, कड कडक होऊन गेली तर मग जाणकाराकडून कापून घ्यायची वेळ येते.

आणि डोळा खाली झुकणं, ड्रॉप आय. ह्याच्या कारणाबद्दल पाळणाऱ्यांमध्ये एकमत नाही, कोणी आनुवंशिक म्हणतं, कोणी डोळ्यामागे साठलेली चरबी, कोणी सतत खाली बघण्याची सवय. एकदा आला की जाणं कठीण. आपल्या हातात एवढंच की तेलकट खाणं कमी, खाणं कायम पाण्यावर तरंगणारं, तळाला काही पडलेलं राहू द्यायचं नाही. काही जण पाण्यावर पिंगपाँगचा बॉल सोडतात म्हणजे मासा वर बघत राहतो, त्याने नुकसान काही नाही, करून बघा.

खाणं एकदम बंद केलं म्हणून लगेच घाबरू नका. जागा बदलली, पाणी बदललं, नवीन वस्तू दिसली तरी अरोवाना रुसतो. मोठा मासा आठवडाभर न खाता सहज राहतो. १५ सेंमीच्या आतलं पिल्लू मात्र दोन-तीन दिवसांच्या पुढे खात नसेल तर पाणी तपासा, शी पांढरी दोऱ्यासारखी होतेय का बघा, तसं असेल तर पोटात जंत असू शकतात, पशुवैद्याला दाखवा. पोट फुगलेलं आणि शी बंद असेल तर दोन दिवस खाणं थांबवा.

मोठा झाला आणि जमत नसेल तर

असं होऊ शकतं, जागा बदलते, घरची परिस्थिती बदलते. अशा वेळी मोठा टँक असलेला माणूस शोधा, दुकानदाराला विचारा, सार्वजनिक मत्स्यालयाला विचारा. नदीत, तलावात, विहिरीत सोडायचा नाही. हा शिकारी मासा आहे, तिथले छोटे मासे तो खाऊन टाकतो, आणि आपल्या टँकमधले आजार पण त्या पाण्यात जातात.

बाहेरगावी जाताना

पिल्लू १५ सेंमीच्या वर आणि नीट खातंपितं असेल तर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी काही होत नाही, निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला आणि झाकणाच्या क्लिप तपासा एवढंच. त्याहून जास्त दिवस असतील तर कोणाला तरी यायला सांगा, पण डबा हातात देऊ नका, नवीन माणूस दयेपोटी मूठभर टाकतो. रोजचे पेलेट मोजून छोट्या पुड्या बांधा, पुडीवर वार लिहा, कोळंबी-किडे त्या दिवसात पूर्ण बंद. हीटर आणि फिल्टरचं बटण कुठलं ते दाखवून ठेवा आणि लाईट गेली तर बॅटरीचा पंप कसा लावायचा ते एकदा त्यांच्या हाताने करून घ्या.